४५ अंशांत वारा गार करत नाही: लांब पल्ल्याची बाईक राईड आणि उन्हाचं गणित

६ जुलै २०२४. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियामधलं डेथ व्हॅली नॅशनल पार्क. सहा बाईकस्वारांचा एक ग्रुप बॅडवॉटर बेसिनच्या भागातून जात होता. त्या दिवशी तिथला पारा ५३.३ अंश सेल्सिअसवर गेला होता. सहापैकी एकाचा उष्णतेमुळे मृत्यू झाला. दुसऱ्याला गंभीर अवस्थेत लास वेगासच्या हॉस्पिटलमध्ये हलवावं लागलं. उरलेल्या चौघांवर जागेवरच उपचार झाले.

या घटनेत दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली म्हणजे, मृत्यूचं कारण ऊन होतं, धडक नव्हे. दुसरी म्हणजे, मदतीला हेलिकॉप्टर येऊ शकलं नाही. हवा तापली की विरळ होते आणि पंख्यांना पुरेसा जोर मिळत नाही. तिथली वैद्यकीय हेलिकॉप्टर्स साधारण ४९ अंशांच्या पुढे उडत नाहीत. म्हणजे मदतीची सगळ्यात जास्त गरज असते, नेमकी तेव्हाच मदत दूर जाते.

आता कुणी म्हणेल, आपल्याकडे कुठं ५३ अंश असतात? नसतात, पण आपण फार मागेही नाही. राजस्थानातल्या फलोदीत १९ मे २०१६ रोजी ५१ अंशांची नोंद झाली. नागपुरात मे २०१३ मध्ये पारा ४७.९ वर गेला होता. आणि मे-जून हाच मुंबई, पुणे, नाशिक, नागपूरच्या बाईकर्सचा लडाखला निघण्याचा हंगाम. म्हणूनच भर उन्हात बाईकवर शरीराचं नेमकं काय होतं, आणि ज्याला आपण उपाय समजतो तोच धोका कसा ठरतो, हे समजून घ्यायला हवं.

लांब पल्ल्याची रॅली म्हणजे नेमकं काय?

रॅली म्हटलं की डोळ्यासमोर धूळ उडवत सुटलेल्या गाड्या येतात. डकार रॅली तशी आहे. पण लांब पल्ल्याच्या राईडचा दुसराही एक प्रकार आहे, ज्यात वेगापेक्षा टिकून राहण्याला महत्त्व असतं. अमेरिकेतली आयर्न बट असोसिएशन ही त्यातली सगळ्यात प्रसिद्ध संस्था. त्यांचं सुरुवातीचं आव्हान म्हणजे सॅडलसोअर १०००: २४ तासांत एक हजार मैल, म्हणजे सुमारे १,६०० किलोमीटर. आणि त्यांची मुख्य रॅली म्हणजे ११ दिवसांत तब्बल ११ हजार मैल, साधारण १७,७०० किलोमीटर. ही रॅली दर दोन वर्षांनी आणि ऐन उन्हाळ्यात होते.

भारतातही अनेक रायडर्स २४ तासांत १,६०० किलोमीटरची राईड करून प्रमाणपत्र मिळवतात. बाकीचे रॅलीत उतरत नाहीत, पण सुट्टी वाचवण्यासाठी दिवसाला ७००-८०० किलोमीटर मारतात. शरीराच्या दृष्टीनं दोन्हींत फारसा फरक नाही. तासन् तास ऊन, गरम वारा, इंजिनाची धग आणि अंगावर जाड जॅकेट.

वारा लागतोय, मग त्रास का होतो?

सगळी गफलत इथंच होते. बाईक चालू असली की वारा लागतो आणि वारा लागला की गार वाटतं, हा आपला रोजचा अनुभव. पण तो अनुभव २५-३० अंशांतला आहे.

आपल्या त्वचेचं तापमान उन्हाळ्यात साधारण ३५ अंशांच्या आसपास असतं. हवा त्याहून थंड असेल, तर वारा अंगातली उष्णता घेऊन जातो. हवा त्याहून गरम असेल, तर तोच वारा अंगात उष्णता भरतो. ४५ अंशांत ताशी ८० किलोमीटरनं जाणं म्हणजे भट्टीच्या तोंडाशी बसून कुणीतरी भाता मारत असल्यासारखं आहे. वेग वाढवला की भाता आणखी जोरात चालतो.

मग इतक्या उन्हात शरीर गार राहतं कशानं? फक्त घामानं. घाम वाळताना उष्णता शोषून घेतो. एक लिटर घाम पूर्ण वाळला, तर तो शरीरातून सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता नेतो. स्वस्थ बसलेल्या माणसाचं शरीर तासाला साधारण ३६० किलोज्यूल उष्णता तयार करतं. म्हणजे घाम ही जबरदस्त यंत्रणा आहे. पण तिला एक मर्यादा आहे. बहुतेक माणसांना तासाला एक ते दीड लिटरच्या पुढे फार वेळ घाम येऊ शकत नाही.

आता दोन्ही गोष्टी एकत्र करून बघा. उघड्या हातावर ताशी ८० किलोमीटरचा कोरडा वारा आला, की घाम आल्या क्षणी वाळतो. तो वाळवायला एवढ्या वाऱ्याची गरजच नसते. त्यापुढचा सगळा वारा फक्त उष्णता आणतो. घाम वाढू शकत नाही, उष्णता मात्र वाढत जाते. वर, अंग ओलं होत नसल्यामुळे आपल्याला घाम येतोय हेच कळत नाही. संध्याकाळी टी-शर्टच्या कॉलरवर मिठाचे पांढरे पट्टे दिसतात, तेव्हा किती पाणी गेलं याचा अंदाज येतो.

म्हणून ‘फार गरम होतंय, जॅकेट काढून टाकू’ हा विचार ४० अंशांच्या पुढे दोन्हीकडून महाग पडतो. पडलात तर संरक्षण नाही आणि नाही पडलात तरी शरीर जास्त लवकर तापतं. ३५ ते ४० ही मधली पट्टी आहे. तिथं घाम आणि वारा मिळून निभावतं. त्यापुढे नियम उलटे होतात.

मग अनुभवी रायडर काय करतात?

याचं उत्तर विदर्भातल्या कुठल्याही घराच्या खिडकीत आहे. कूलर.

कूलर काय करतो? बाहेरची कोरडी गरम हवा ओल्या वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्यांतून आत घेतो. ताट्यांतलं पाणी वाळतं, त्यात हवेची उष्णता खर्च होते आणि आत गार वारा येतो. वाळवंटात लांब पल्ल्याच्या राईड करणारे लोक हाच कूलर अंगावर घालतात. आत पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट किंवा पाणी धरून ठेवणारी खास बंडी. ती चिंब भिजवायची. त्यावर टेक्स्टाईलचं जॅकेट चढवायचं आणि हवेची भोकं थोडीशीच उघडी ठेवायची. हवा आत येते, पण बेतानं. पाणी वाळतं, पण सावकाश. शरीराचा घाम वाचतो आणि गारव्याचं बरंचसं काम बाटलीतलं पाणी करतं.

सगळीकडून जाळीदार असलेलं मेश जॅकेट इथं तितकंसं कामाचं नाही. त्यातून वारा धो-धो आत येतो आणि भिजवलेला शर्ट काही मिनिटांत कोरडा होतो. ३०-३५ अंशांत मेशसारखं सुख नाही, पण ४५ मध्ये बंद होऊ शकणारी भोकं बरी. हेल्मेटची काचही खाली हवी. गळ्याभोवती ओला रुमाल असेल तर उत्तम.

हे ऐकायला नवं वाटेल, पण नागपूर-अकोल्याच्या दुचाकीस्वारांना यात काही नवं नाही. दुपारी बाहेर पडताना डोकं, कान, चेहरा पांढऱ्या दुपट्ट्यात गुंडाळून फक्त डोळे उघडे ठेवायचे, ही तिथली पिढ्यान् पिढ्यांची रीत. झळ लागू द्यायची नाही, हे त्यामागचं साधं शहाणपण. अर्थात दुपट्टा हेल्मेटच्या आत, हेल्मेटऐवजी नाही.

एक गोष्ट विसरू नका. या पद्धतीत पाण्याचे दोन हिशेब असतात: एक पिण्याचं, एक अंगावर ओतायचं. शर्ट वाळला की कूलर बंद पडला, नुसता पंखा उरला. पुन्हा थांबून भिजवावं लागतं.

कोकणात हाच उपाय का चालत नाही?

ज्या कारणानं मुंबईत कूलर चालत नाही, त्याच कारणानं. हवा आधीच ओली असेल, तर पाणी वाळणार कसं?

थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून वारा घातला, तर जे तापमान दिसतं त्याला ‘वेट बल्ब’ तापमान म्हणतात. पाणी वाळवून हवा जास्तीत जास्त किती गार करता येईल, हे त्यातून कळतं. ४५ अंश तापमान आणि १० टक्के आर्द्रता असेल, तर ते साधारण २१ अंश येतं. ३५ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल, तर ३० अंश. म्हणजे पारा दहा अंशांनी कमी असूनही किनारपट्टीवर शरीराला गार व्हायला जागा कमी उरते. पेन स्टेट विद्यापीठाच्या २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दमट हवेत तरुण, निरोगी लोकांची मर्यादासुद्धा ३१ अंश वेट बल्बच्या आसपास आढळली होती. महाराष्ट्राला याची किंमत माहीत आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या महाराष्ट्र भूषण सोहळ्यात उष्माघातानं १४ जणांचा मृत्यू झाला, तेव्हा पारा ४५ वर नव्हता.

त्यामुळे मुंबई-गोवा रस्त्यावर मेमध्ये राईड असेल, तर हिशेब वेगळा. मेश जॅकेट, जास्तीत जास्त वारा, कमी अंतर आणि जास्त थांबे. ट्रॅफिकमध्ये अडकलात तर वाराही नाही आणि घामही वाळत नाही. तिथं गाडी बाजूला घेऊन सावलीत थांबणं हाच उपाय.

पाणी किती प्यायचं आणि कोणतं?

७० किलो वजनाच्या माणसाच्या शरीरातलं १.४ लिटर पाणी कमी झालं, म्हणजे वजनाच्या दोन टक्के. इथपासून लक्ष आणि प्रतिक्रियेचा वेग यांवर परिणाम दिसायला लागतो. तासाला एक लिटर घाम जात असेल आणि तुम्ही अर्धा लिटर पीत असाल, तर तीन तासांत ही रेषा ओलांडली जाते.

उन्हात काम करणाऱ्यांसाठी सर्वमान्य सल्ला असा: दर १५-२० मिनिटांनी साधारण पाव लिटर. तहान लागायची वाट बघू नका आणि तासाला दीड लिटरच्या वरही जाऊ नका. फक्त साधं पाणी ढोसत राहिलं, तर रक्तातलं मीठ पातळ होतं आणि तेही जिवावर बेतू शकतं. बाईक चालवताना दर १५ मिनिटांनी बाटली उघडणं शक्य नसतं. म्हणून पाठीवर पाण्याची पिशवी आणि हेल्मेटपर्यंत आलेली नळी ही चैन नाही, गरज आहे.

आणखी एक गंमत बघा. आजच्या टूरिंग बाईकची १५-१७ लिटरची टाकी सहज साडेचारशे किलोमीटर जाते. पेट्रोल संपेल तेव्हा थांबू, अशी सवय असेल तर गाडीच्या आधी तुमची टाकी रिकामी होते. भर उन्हात थांबा पेट्रोलवर नाही, घड्याळावर ठरवा. दर तासाला एक.

काय प्यायचं? मीठ घातलेलं ताक, लिंबू सरबत, कैरीचं पन्हं, कोकम सरबत यांत पाणी, मीठ आणि साखर तिन्ही आहेत. ओआरएस घेणार असाल तर पाकीट नीट वाचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार एक लिटरमध्ये १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असतं. ओआरएस नाव लावून विकली जाणारी अनेक गोड पेयं या सूत्रात बसत नव्हती. म्हणून ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयनं अशा पेयांवर हे नाव वापरायला मनाई केली. आदल्या रात्रीची दारू मात्र टाळा, ती शरीरातलं पाणी आणखी कमी करते. खिशातल्या कांद्याबद्दल एवढंच, की तो जेवणात खाल्लेला बरा.

लडाखच्या राईडमध्ये खरा धोका कुठं आहे?

लडाखची तयारी म्हटलं की सगळं लक्ष थंडी आणि उंचीवर असतं. थर्मल, हातमोजे, विरळ हवेसाठीच्या गोळ्या. ते बरोबरच आहे, कारण लेहच मुळी सुमारे ३,५०० मीटरवर आहे. पण मुंबईहून निघालेला रायडर मनालीला पोचण्याआधी गुजरात, राजस्थान, हरियाणा, पंजाब असा जवळपास दोन हजार किलोमीटरचा सपाट रस्ता तुडवतो. तोही मेच्या शेवटी किंवा जूनच्या सुरुवातीला, जेव्हा तिथं ४३ ते ४६ अंश नेहमीचे असतात. सुट्ट्या मोजक्या, म्हणून हेच दिवस ‘उरकायचे’ असतात. रोज ७०० किलोमीटर.

त्यात आपण एसी ऑफिसमधून उठून थेट या उन्हात जातो. शरीराला उष्णतेची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. सवय झाली की घाम लवकर सुटतो, जास्त येतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. निघण्याआधी दहा-पंधरा दिवस रोज थोडा वेळ गरम हवेत चालणं किंवा व्यायाम करणं, ही तयारी फुकट आहे आणि बहुतेक याद्यांत नसते. रक्तदाबाच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांशी आधी बोला.

दुसरा मार्ग वेळेचा. पहाटे चारला निघून अकराला थांबायचं, चारनंतर पुन्हा निघायचं. पण इथंही एक अट आहे. देशातले सर्वाधिक रस्ते अपघात संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेत होतात. दुपार वाचवून रात्री अंतर भरून काढणं हा उपाय नाही. दिवसाचे किलोमीटरच कमी करावे लागतात. तेही जमत नसेल, तर गाडी रेल्वेनं चंडीगडपर्यंत पाठवण्यात कमीपणा नाही.

ऊन लागतंय हे कळणार कसं?

अडचण अशी की ऊन सगळ्यात आधी जो निर्णय घेतो त्यालाच धरतं, म्हणजे मेंदूला. स्वतःला कळेपर्यंत उशीर झालेला असतो. डोकेदुखी, मळमळ, चक्कर, पोटऱ्यांत गोळे ही पहिली पायरी. बाईकवर ती वेगळ्या रूपात दिसते: इंडिकेटर चालूच राहणं, वळण चुकणं, ब्रेक उशिरा लागणं, इंटरकॉमवर तुटक उत्तरं, उभी गाडी कलंडणं. ग्रुपमध्ये हे दुसऱ्यानं ओळखायचं असतं. आणि त्यानं ‘थांब’ म्हटलं की वाद नाही, हे निघतानाच ठरवायचं असतं.

माणूस असंबद्ध बोलायला लागला, झोकांड्या खायला लागला किंवा कोसळला, तर तो उष्माघात समजा. शरीराच्या आतलं तापमान तेव्हा ४० अंशांच्या वर असू शकतं. घाम येतोय म्हणून निर्धास्त राहू नका, उष्माघातातही घाम येऊ शकतो. १०८ ला फोन करा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत नुसती वाट बघू नका. सावलीत घ्या, हेल्मेट-जॅकेट काढा, अंगभर पाणी ओता, वारा घाला. मान, काखा, जांघा इथं बर्फ ठेवा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका. खेळाडूंवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं साधं सूत्र आहे: आधी गार करा, मग हलवा.

आकडेवारीत ऊन का दिसत नाही?

२०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ लोकांचा मृत्यू झाला. त्यात सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरचे होते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालात अपघातांची कारणं दिलेली असतात: अतिवेग, दारू, उलट दिशेनं गाडी चालवणं, सिग्नल तोडणं, मोबाईल आणि इतर. त्यात ‘ऊन’ असा रकाना नाही. दुपारी दोन वाजता भान हरपून कुणी दुभाजकावर आदळला, तर कागदावर तो ‘ताबा सुटला’ म्हणून जातो. डेथ व्हॅलीतला मृत्यू उन्हाच्या नावावर लागला, कारण तिथं दुसरं कारण समोर नव्हतं. जे मोजलं जात नाही, त्याचा नियमही बनत नाही.

व्यावसायिक स्पर्धांनी हे किंमत मोजून शिकलंय. २०१५ च्या डकार रॅलीत सी. एस. संतोष ही रॅली पूर्ण करणारा पहिला भारतीय बाईकस्वार ठरला. त्याच रॅलीत अर्जेंटिनातल्या एका टप्प्यावर पोलंडचा मिखाऊ हेर्निक मृतावस्थेत सापडला. शवविच्छेदनातून शरीर अति तापणं आणि पाणी कमी होणं हे कारण समोर आलं. पुढच्याच वर्षी बेलेनजवळचा टप्पा उष्णतेमुळे मध्येच थांबवण्यात आला. आज डकारमध्ये बाईकस्वारानं सोबत किमान तीन लिटर पाणी ठेवणं बंधनकारक आहे. पेट्रोल भरताना १५ मिनिटांचा सक्तीचा थांबा असतो. तो वेळ कुणाच्याच खात्यात धरला जात नाही, त्यामुळे थांबल्यानं कुणी मागे पडत नाही.

आपल्याकडचं उदाहरण सप्टेंबर २०२३ चं. ग्रेटर नोएडातल्या बुद्ध सर्किटवर भारतातली पहिली मोटोजीपी झाली. दमट उकाड्यामुळे मुख्य शर्यत २४ वरून २१ फेऱ्यांवर आणली गेली. तरीही दुसरा आलेला होर्हे मार्टिन शर्यत संपताच कोसळला. जगातला सगळ्यात तंदुरुस्त रायडर तासाभराच्या आत या अवस्थेला येतो, तर आठ तास चालवणाऱ्या हौशी माणसानं काय समजायचं?

हौशी राईडमध्ये ना फेऱ्या कमी करणारा पंच असतो, ना सक्तीचा थांबा. तो नियम ग्रुपलाच करावा लागतो. हेल्मेट नसेल तर राईड नाही, असं बहुतेक क्लब आज ठामपणे सांगतात. तसंच ‘हवामान खात्याचा उष्णतेच्या लाटेचा इशारा असेल तर अकरा ते चार गाड्या बंद’ हेही आधीच लिहून ठेवता येईल. मैदानी भागात पारा ४५ वर गेला की हवामान खातं ती लाट धरतं आणि ४७ वर गेला की तीव्र लाट. रेषा तयार आहे, फक्त ती राईडच्या मेसेजमध्ये यायला हवी.

आणि हा प्रश्न फक्त हौशी लोकांचा नाही. पाठीवर जेवणाचा डबा घेऊन दुपारभर फिरणाऱ्या डिलिव्हरी करणाऱ्यालाही हेच गणित लागू होतं, फरक इतकाच की थांबायचं की नाही हे तो ठरवत नाही. नागपुरात उन्हाळ्यात सिग्नलवर हिरव्या जाळ्यांची सावली केली जाते, ती अशांसाठी फार मोलाची. लांब पल्ल्याच्या रायडरकडे मात्र थांबायचा पर्याय असतो. अंतर उद्याही तेवढंच राहणार आहे. दुपारी अकराला सावली दिसली की गाडी उभी करणं, हेही लांब पल्ल्याच्या राईडचंच कसब आहे.